दोनशे अठ्ठेचाळीस

मर्यादा अडीचशेची आहे.
आम्ही दोनशे अठ्ठेचाळीस लिहितो.
दोनशे दहा लिहिलं तर तपासणीला आलेल्याला शंका येते,
दोनशे एकोणपन्नास लिहिलं तर आम्हालाच हसू येतं.
एकोणीस वर्षांत मी एवढं शिकलो.
पडवळ साहेब म्हणतात, तुझं अक्षर सुंदर आहे.

रात्री दोनला तळोज्यात व्हॉल्व्ह उघडतो.
उघडणारा मी नव्हे.
मी बाटली बुडवतो, बूच लावतो, चिठ्ठी चिकटवतो:
ठिकाण, वेळ, नमुना घेणाऱ्याचं नाव.
बाटलीत जांभळं असतं.
वहीत दोनशे अठ्ठेचाळीस.

त्याच वेळी कामोठ्यात आमच्या सोसायटीच्या खिडक्या लागतात.
ग्रुपवर येतं: परत तोच वास. कुणीतरी तक्रार करा.
खाली एक्केचाळीस अंगठे.
त्यातला एक माझा,
ड्युटीवरून टाकलेला.

पडवळ काही राक्षस नाहीत.
कागदावर हिशेब मांडून दाखवला त्यांनी एकदा:
पाणी नीट साफ करायचं तर किलोमागे चार रुपये,
आणि गिऱ्हाईक तर दोन रुपयांसाठी दुसऱ्या गावी जातं.
गिऱ्हाईक म्हणजे कोण, मी विचारलं नाही.
त्याच आठवड्यात सीवूड्सला शर्ट घेतले,
दोनशे नव्याण्णवला दोन. जांभळा चालतोय यंदा.
बायकोने विचारलं, रंग जाईल का हो?
पोऱ्या म्हणाला, पक्का आहे मॅडम, गॅरंटी.
खरंच पक्का निघाला. कॉलरसुद्धा विटली नाही.
कापडावर राहिला तो राहिला.
उरलेला कुठे गेला, हे दुकानात कुणी विचारत नाही.
मला विचारायची गरजच नव्हती.

डिसेंबरात कंपनीने खाडीकाठी सफाई ठेवली.
टोपी, केळं, फोटो,
आणि टी-शर्ट, पाठीवर छापलेला:
खाडी माझी, जबाबदारी माझी.
मी अकरा चपला उचलल्या, एक हेल्मेट,
खारफुटीत अडकलेली बाळाची गादी.
हातमोज्यात मावेल तेवढं सगळं उचललं आम्ही.

मग तो रविवार. दिवाळे गावातला बाजार.
चांगुणाबायच्या टोपलीत बोय.
मला बघून म्हणाली,
दादा, तुमी केमिकलवालं ना?
जरा हुंगून सांगा.
आमचा नाक मेलाय आता, समदा सारखाच येतो.
तिने कल्ला उघडून धरला. लाल होता.
मी वाकलो.
मिठाच्या खाली, चिखलाच्याही खाली,
अगदी हलका, ओळखीचा,
माझ्या लॉकरचा वास.

मी म्हणालो, ताजी आहे.

खोटं नव्हतं ते. ताजीच होती.
तिने खुशीत एक जास्तीची टाकली.
मागे उभी होती एक बाई, कडेवर मूल,
तिने माझं ऐकलं
आणि किलोभर घेतली.

रस्ता ओलांडून ती रिक्षात बसेपर्यंत
हाक मारायला वेळ होता.
मी सुट्टे पैसे मोजत राहिलो.

घरी लेक म्हणाली, कालवण कधी?
म्हटलं, आज वरणभात खाऊ.

आता सातवा आठवडा.
फ्रीझरमध्ये मटारांच्या पिशवीमागे
एक बोय आहे, बर्फाने पांढरी झालेली.
बायको दोनदा विचारून गप्प बसली.
काल रात्री पाळीवर जाण्याआधी
कंपनीची एक चिठ्ठी तिच्यावर चिकटवली.
ठिकाण: दिवाळे, बेलापूर.
वेळ: सकाळी सव्वानऊ.
नमुना घेणाऱ्याचं नाव:
पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट.
खाली रकाना राहतो, निष्कर्षाचा.
तिथे पेन टेकवून उभा आहे,
फ्रीझरचं दार उघडं, पायांवर गार हवा.
कागद ओला आहे, शाई पसरते.
अक्षर काही
सुंदर येत नाही.